हात पुरेल अशा उंचीवर

पहाटे साडेपाचला गजेंद्र उठला, पायानं चपला शोधल्या आणि दिवा लावायला उजवा हात उजवीकडच्या भिंतीवर ठेवला. तिथं बटन नव्हतं. कमरेच्या वितभर वर, जिथं त्याचं बोट जाऊन टेकलं, तिथं नुसती भिंत होती. जानेवारीतली, गार, चुन्याचे पापुद्रे सुटलेली भिंत. बटन डावीकडे होतं, खांद्याच्याही वर. बालाघाटातल्या सरेखा भागातल्या या खोलीत तो चार वर्षं झोपत-उठत होता आणि रोज डावा हात उंच करून दिवा लावत होता. त्यात दोघांचं, म्हणजे त्याचं आणि बटनाचं, आजवर कधी बिनसलं नव्हतं. आज हातानं कुणाला न विचारता कारभार केला. गजेंद्रनं हात तसाच राहू दिला. वाट चुकून दारात आलेल्या माणसालाही आपण पाणी विचारतो. मग अंधारात उभ्याउभ्या त्याच्या ध्यानात आलं की हात चुकलेला नाही. हात बरोबर जागी गेला आहे, घर चुकलं आहे. उजवीकडे, चौकटीपासून चार बोटं सोडून, कमरेच्या वितभर वर बटन असलेलं घर इथून दोन-अडीच तासांवर होतं, बैहरचा घाट चढून गेल्यावर, बेहराटोल्यात. त्या घरात तो तीन वर्षांत सगळे मिळून सतरा तास राहिला होता. हातानं त्या सतरा तासांना घर म्हटलं होतं आणि या चार वर्षांना धर्मशाळा. हाताचं गणित कच्चं म्हणावं, तर हाच हात त्या घरातलं तापमान दर खेपेला वहीत लिहायचा.

ते घर त्याचं नव्हतं. तसं ते कुणाचंच नव्हतं, म्हणून तर ते बघायला लांबून माणसं यायची. गजेंद्र ज्या संस्थेत कामाला होता तिच्या अर्जात ‘भूभाग’ नावाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, मैदान आणि पर्वत. मैदानाच्या जागा भरल्या होत्या. साहेबांनी पर्वतावर खूण केली आणि बेहराटोला, जो एका टेकाडाच्या पाठीवर निवांत पडलेला साठ घरांचा टोला होता, तो दुपारच्या जेवणाआधी ‘पर्वतीय समुदाय’ झाला. टोल्यातल्या कुणालाही हे कळवण्यात आलं नाही. मग तिथं एक नमुन्याचं घर बांधायचं ठरलं: वीज न जाळता उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार राहणारं. न भाजलेल्या, नुसत्या दाबून काढलेल्या मातीच्या विटा. दोन भिंतींमध्ये वितभर पोकळी. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, खाली हवा खेळायला जागा. छपरावरचं पाणी टाकीत, न्हाणीचं पाणी वांग्यांना. बिनधुराची चूल आणि सूर्यावर जळणारे तीन दिवे. बांधकामावर देखरेख करायला डिप्लोमा झालेली संघमित्रा होती. तापमान लिहायला गजेंद्र होता. घर खरोखरच चांगलं झालं. बाहेर बेचाळीस असताना आत एकोणतीस. ज्याच्यासाठी ते बांधलं त्या चैतरामनं आत जाऊन भिंतीला हात लावला, गालही लावला, बाहेर येऊन बायकोशी, मैनाबाईशी, बोलणं केलं आणि दुसऱ्या दिवशी तिथं बकऱ्या बांधल्या. साहेब चिडले. चैतराम शांतपणे म्हणाला, “साहब, हम तो कैसे भी रह लेते हैं. बकरी को गर्मी सहन नहीं होती.” यावर कुठल्याच मार्गदर्शक पुस्तिकेत उत्तर नव्हतं. बकऱ्या त्या घरात सुखी होत्या, हे गजेंद्रनं स्वतः पाहिलं होतं. एक तर बोकडासारखा बोकड खिडकीच्या कट्ट्यावर पाय दुमडून बसायचा आणि खाली दरीकडे बघायचा. रिटायर झाल्यासारखा.

आज पाहुण्यांचा आठवा दौरा होता आणि शेवटचा. कार्यक्रमाची मुदत संपली होती. सोमवारी घर कागदोपत्री चैतरामच्या ताब्यात जाणार होतं, म्हणजे बकऱ्यांचं तिथं राहणं कायदेशीर होणार होतं. आणि सोमवारीच संघमित्रा डिंडोरीला नव्या नोकरीवर रुजू होणार होती. या दोन्ही गोष्टी गजेंद्रला एकाच कागदावर कळल्या होत्या, कार्यालयाच्या फळ्यावर टाचणीनं लावलेल्या. त्यानं तो कागद पूर्ण वाचला, खालची सही वाचली, सहीखालचं नाव वाचलं, आणि मग चहा प्यायला गेला. चहा प्यायला, असं त्याला आठवतं.

सात वाजता दुलीचंदची जीप आली. संघमित्रा नेहमीसारखी बुढी मोहल्ल्याच्या वळणावर उभी होती. हातात चिन्नोर तांदळाची पिशवी, खांद्यावर दुसरी पिशवी, डोक्याला मफलर. तिचं घर गल्लीत आत होतं. तिथवर जीप जात नाही, असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती आणि तेव्हापासून तीन वर्षं दुलीचंद तेच ऐकवत होता.

“मॅडम, माही जीप नाल्यातून जाते, रेतीतून जाते. तुमच्याच गल्लीत काहून जात नाही बाप्पा?”

“तुमची जीप जाते जी,” संघमित्रा मागे बसत म्हणाली. “लोकायच्या नजरा आडव्या येतात.”

“नमस्ते, मॅडम,” गजेंद्र म्हणाला.

“नमस्ते, गजेंद्रजी.”

एवढंच. घाटाच्या खाली ती मॅडम होती आणि तो गजेंद्रजी. गांगुलपाऱ्याचा तलाव मागे पडला, सालाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली, जीपनं खालचा गिअर पकडला, आणि गजेंद्रला दर वेळी वाटायचं तसं वाटलं, की प्रत्येक वळणावर एकेक अक्षर गळून पडतंय. आधी मॅडम जाईल, मग जी. वर पोचेपर्यंत दोन माणसं उरतील, ज्यांना एकमेकांना हाक मारायची तर नवीन काहीतरी शोधावं लागेल. ते तिनं शोधलं होतं, पहिल्याच दौऱ्यात. त्या दिवशी पाहुणे ठरल्यापेक्षा तासभर आधी आले होते. बकऱ्या नुकत्या बाहेर काढल्या होत्या. चैतराम लाजून महुव्याच्या झाडामागे गेला होता, मैनाबाईनं आपल्या जुन्या घराचं दार आतून लावून घेतलं होतं, आणि नमुन्याच्या घरात फक्त संघमित्रा झाडू घेऊन लेंड्या गोळा करत होती आणि गजेंद्र गमछा कमरेला बांधून फरशी धूत होता. एक टोपीवाले वयस्क गृहस्थ दारात हात जोडून उभे राहिले. “आप ही का घर है?” त्यांनी विचारलं. संघमित्रानं लेंड्यांची टोपली पाठीमागे धरली आणि म्हणाली, “हाँ जी.” मागून साहेब आले, त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग त्यांनी हिशेब केला आणि तो पूर्ववत झाला. पाहुण्यांनी पाणी मागितलं. पाण्याची कळशी गजेंद्रपाशी होती. आता बायको नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. आमच्याकडे तर नाहीच, वर टोल्यातही नाही. शिवाय त्या घरच्या नवऱ्याचं नाव कागदावर चैतराम होतं. संघमित्रा क्षणभर थांबली. तिची नजर कवेलूंमधून पडलेल्या उन्हाच्या एका ठिपक्यावर गेली आणि तिथून परत आली.

“नूतन के पापा,” ती म्हणाली, “पानी लाना जरा.”

अशी नूतन जन्मली. कळा नाहीत, सुईण नाही, फक्त एका हाकेची अडचण. गजेंद्र कळशी घेऊन पुढे आला तेव्हा तो बाप झालेला होता आणि त्याचे पाय ओले होते. त्याला अजून आठवतं, त्या वेळी त्याला हसू आलं नव्हतं. पाहुणे विचारत होते की गर्मियों में कैसा रहता है, आणि तो सांगत होता, “बहुत आराम है जी,” आणि ते खोटं नव्हतं.

पाहुणे इतके खूश झाले की साहेबांनी पुढच्या दौऱ्याला तेच ठेवलं. खऱ्या चैतरामची काहीच तक्रार नव्हती. संस्थेच्या वार्षिक अहवालात चौदाव्या पानावर गजेंद्र आणि संघमित्राचा दारातला फोटो आला, खाली लिहिलं होतं, ‘लाभार्थी चैतराम, पत्नीसह’. चैतरामनं तो फोटो बराच वेळ लांब धरून बघितला आणि म्हणाला, “अच्छा दिख रहा हूँ मैं.” गजेंद्रकडे तिच्यासोबतचा तेवढा एकच फोटो होता, आणि त्यात तो दुसराच कुणी होता. दुसऱ्या दौऱ्यात कुणीतरी विचारलं, बेटी किधर है? संघमित्रा म्हणाली, बैहरला, होस्टेलात, तिसरीत आहे. मग प्रश्न आला की घरात पोरीचं काहीच कसं दिसत नाही. तिसऱ्या दौऱ्याला तिनं पिशवीतून पिवळा फ्रॉक काढला, कळशीत बुचकळला, पिळला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. “भाचीचा हाये,” ती म्हणाली. तो फ्रॉक वाऱ्यावर फुगायचा आणि गजेंद्रचं तापमान लिहिणं चुकायचं. पुढच्या वर्षी तिनं निळा आणला, बोटभर मोठा. त्याच्या पुढच्या वर्षी चौकटीचा. नूतन वाढत होती. चौथीत गेली, पाचवीत गेली. पाढ्यांत हुशार, सतराच्या पाढ्याला अडते. वांगं खात नाही. यातलं काही तिनं सांगितलं, काही त्यानं. कुणी काय सांगितलं हे दोघांनी लक्षात ठेवायचं होतं, कारण पाहुणे अहवाल वाचून यायचे. एकदा बसस्टँडवर दप्तर अडकवलेली एक मुलगी रांगेत सतराचा पाढा म्हणत होती, तर गजेंद्र तिची बस निघेपर्यंत तिथं थांबला. तिचा पाढा चुकला नाही. त्याला थोडं वाईट वाटलं.

“काय विचार करून राह्यले, गजेंद्रजी?” मागून आवाज आला. घाट संपत आला होता.

“काई नाही. नूतन कितवीत यंदा, तेच आठवून राह्यलो.”

“सहावीत.” ती खिडकीबाहेर बघत होती. “विसरसान नका. आज लोक पहाडावरचे हायेत. खरे पहाडवाले. त्यायले खोटं लवकर कळते म्हणतात.”

“काहून?”

“पाय घसरला का मरते ना तिथं मानूस.”

दुलीचंद हसला. गजेंद्रला आई आठवली. कटंगीजवळच्या गावात, अंगणात कोंबड्यांना कणी टाकता टाकता गोदाबाई फोनवर बोलायची. एकदा त्यानं सहज, फारच सहज, म्हणजे दोन दिवस तयारी करून, सोबत काम करणाऱ्या मुलीचा विषय काढला. आईनं विचारलं, “नाव काय म्हनलं?” संघमित्रा. “पुरं नाव काय थिचं?” रामटेके. फोनमध्ये बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या. मग आई म्हणाली, “अवंदा चिन्नोर चांगला झाला.” तिनं नाही म्हटलं नव्हतं. तिनं विषय धानात नेला होता आणि धान कमरेइतकं उंच होतं. त्यात काहीही लपतं. वाईट हेच होतं की तो सुटल्यासारखा झाला. त्यानंही विचारलं, किती पोते? आणि नंतर कितीतरी दिवस त्याच्या कानात ते दोन शब्द, किती पोते, त्याच्याच आवाजात पुन्हा पुन्हा यायचे.

बेहराटोल्यात बकऱ्या अजून आतच होत्या. मैनाबाईनं त्या एकेक करून बाहेर काढल्या. बोकड कट्ट्यावरून उठायला तयार नव्हता, त्याला दोघांनी उचललं. मग नेहमीचं सुरू झालं. संघमित्रानं मफलर काढला, साडीचा पदर कमरेला खोचला, चूल पेटवली, चिन्नोर धुऊन चढवला. वास घरभर झाला. गजेंद्रनं फरशी धुतली, गमछा बांधला, खुंटीवर आपला शर्ट अडकवला, तोही आता तिथलाच वाटायचा. तिनं दुसऱ्या पिशवीतून फ्रॉक काढला. या वेळी लाल होता, पांढऱ्या कॉलरचा, चांगला लांब. कळशीत बुचकळून तिनं तो दोरीवर घातला, खांद्यांवरून सरळ केला, आणि दोन पावलं मागे सरकून बघत राहिली, जसं आई शाळेत निघालेल्या पोरीकडे बघते तसं. की गजेंद्रलाच तसं दिसलं. भात शिजत होता. बाहेर मैनाबाई बोकडाला समजावत होती. आणखी दोन तास, गजेंद्रच्या मनात आलं, आणखी दोन तास आणि मग हे घर बकऱ्यांचं. त्याला बकऱ्यांचा हेवा वाटला. आयुष्यात पहिल्यांदाच असं नाही. पण इतका नाही वाटला होता.

पाहुणे सहा होते, लोकरी टोप्या घातलेले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांच्यातल्या वयानं मोठ्या बाईंनी, ज्या कुठल्याशा उंच गावाच्या सरपंच होत्या, चहूकडे बघितलं आणि साहेबांना विचारलं, “पहाड किधर है?” साहेब म्हणाले, “जी, आप उसी पर खडी हैं.” बाईंनी पायांखाली बघितलं. सभ्यतेनं थोडा वेळ बघितलं. मग सगळे आत आले आणि घर मात्र त्यांना आवडलं. त्यांनी भिंतीवर बोटांनी टकटक केली, पोकळीचा आवाज ऐकला, कवेलूंखाली हात धरून हवा येते का पाहिली, चुलीपुढे उकिडवं बसून धूर कुठून जातो ते विचारलं, न्हाणीच्या पाण्यावरची वांगी मोजली. खरी घरं बांधणारी माणसं होती ती. बर्फाचं वजन छपरावर कसं येतं ते त्यांनी सांगितलं. संघमित्रा ते इतकी मन लावून ऐकत होती की पाहुण्यांसाठी डोक्यावर घेतलेला पदर घसरला. गजेंद्र तिच्याकडे बघत होता. मोठ्या बाई गजेंद्रकडे बघत होत्या.

“बिटिया की है?” बाईंनी दारातून दोरीकडे बोट दाखवलं. “कितनी बडी हो गई?”

गजेंद्रनं हात वर केला आणि छातीशी आडवा धरला, एवढी. त्याच वेळी चुलीपाशी उभ्या संघमित्रानंही हात आडवा धरला. दोघांमध्ये पूर्ण खोली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नव्हतं. दोन्ही हात एकाच उंचीवर होते. त्यांच्यावर फळी ठेवली असती तर पाण्याचा पेला हलला नसता. गजेंद्रला दिसलं, हातांच्या मधल्या रिकाम्या जागेत केस दोन वेण्यांत घातलेली, सहावीतली, वांगं न खाणारी ती उभी आहे, आणि तिला उशीर होतोय. त्यानं हात खाली घ्यायला हवा होता. घेता येईना.

मोठ्या बाई हसल्या. “और शादी? घरवालों ने कराई या अपनी पसंद से?”

साहेब खोकले. हा प्रश्न यादीत नव्हता. गजेंद्रनं तोंड उघडलं, आणि आश्चर्य म्हणजे बोलणं तयार होतं, जणू कित्येक वर्षं दाराआड चपला घालून उभं होतं. तो म्हणाला, आमच्या दोघांचा समाज वेगळा आहे जी. माझी आई शेतकरी घरची, जुन्या वळणाची, गप्प बसली. मग मी यांच्या घरी गेलो. यांच्या आईला म्हणालो, मी असा असा आहे, पगार असा, मला संघ— मला नूतनची मम्मी पसंत आहे. मी समोर बसून विचारलं. मग सगळं झालं.

“झूठ,” चुलीपासून आवाज आला. संघमित्रा भाताचं झाकण उघडून आत बघत होती. वाफ तिच्या तोंडावर येत होती. “कहाँ पूछा? इन्होंने पूछा ही नहीं. आज तक नहीं पूछा.”

पाहुणे खो खो हसले. “फिर शादी कैसे हो गई?”

“साहब लोगों ने फारम में लिख दिया,” ती म्हणाली, “हो गई.”

आणखी हसले. साहेबही हसले, घाम पुसत. गजेंद्र हसला नाही. त्याला तोंड कुठं आहे ते सापडत नव्हतं. आणि लगेच दिव्याची वेळ झाली. हा दौऱ्याचा शेवटचा भाग असायचा: खिडक्यांच्या फळ्या लावायच्या, दार लोटायचं, घर पूर्ण अंधारं करायचं आणि मग घरधन्यानं दिवा लावायचा. त्याचं बटन नकाशात डावीकडे, खांद्याशी दाखवलं होतं. पण बांधकामाच्या वेळी संघमित्रानं विजेच्या कामावर आलेल्या प्रेमलालला ते उजवीकडे, कमरेच्या वितभर वर लावायला लावलं. प्रेमलाल म्हणाला, “इतकं खाली? मॅडम, बकरी दाबन ना हे.” ती म्हणाली, “लेकराचा हात पुराले पाहिजे.” तेव्हा त्या घरात लेकरू नव्हतं. नूतनही नव्हती. पहिल्या दौऱ्यात गजेंद्रनं ते बटन दोन सेकंदांत शोधलं. तिसऱ्यापासून त्याला वेळ लागू लागला. पाचव्यात तर पाहुणे कुजबुजले होते. खरं म्हणजे बोट पहिल्याच सेकंदाला बटनावर असायचं, पण फळ्या बंद झाल्यावर त्या घरात जो अंधार व्हायचा, मातीचा, विझत्या चुलीचा, शिजल्या भाताच्या वासाचा, त्यात दोन हातांच्या अंतरावर तिच्या बांगड्या किणकिणायच्या आणि तिचा श्वास ऐकू यायचा, आणि त्या अंधारात ती ना मॅडम असायची ना नूतनची मम्मी. साती दौऱ्यांचा अंधार मिळून दीड मिनिट भरला असता. गजेंद्रचं जे काही आयुष्य म्हणावं ते त्या दीड मिनिटात होतं, बाकीचं नुसतं तापमान होतं.

फळ्या लागल्या, संघमित्रा नेहमीसारखी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. दार लोटलं. बोट बटनावर गेलं. विचार, तो स्वतःला म्हणाला. आता. ती शेजारीच आहे. बांगडी वाजली नाही; म्हणजे तीही हलत नव्हती. श्वास ऐकू येत नव्हता. म्हणजे तिनं तो धरून ठेवला होता. काय विचारायचं ते त्याला ठाऊक होतं, शब्दही चारच होते, पण कुठल्या भाषेत विचारायचं ते कळेना. हिंदी पाहुण्यांची होती, मराठी घाटाखालची होती, आणि या घराची अशी भाषा त्या दोघांनी तीन वर्षांत जमवली होती, पण तीत ‘तू’ नव्हतं, ‘मी’ नव्हतं, फक्त नूतन होती. अंधार लांबला. कुणीतरी खोकलं. “बिजली चली गई क्या?” एक टोपी म्हणाली. बाहेरून बोकडानं दाराला धडक दिली, आपली वेळ झाली या हक्कानं. गजेंद्रनं बटन दाबलं. उजेड झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संघमित्रा टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही, जशी माणसं सुटून गेलेल्या बसकडे बघतात तशी. मग तिनं पदर नीट केला आणि विचारलं, भात वाढू का?

पाहुण्यांना बैहरची पाण्याची टाकी बघायची होती आणि टाकी समजावायला मॅडमच हव्या होत्या, म्हणून ती त्यांच्या गाडीतून गेली. ते तिला पुढे बालाघाटला सोडणार होते. “चला, गजेंद्रजी,” ती गाडीत बसताना निरोपाचं म्हणाली. भांडी भरायची होती, त्यानं भरली. बकऱ्या आत गेल्या. बोकड कट्ट्यावर चढला, पाय दुमडून दरीकडे बघू लागला, मधले चार तास झालेच नाहीत अशा थाटात. मैनाबाई अंगणातून ओरडली, “अरे, बिटिया का फराक!” एका लहान बकरीनं दोरीखाली उभं राहून लाल फ्रॉकची कड तोंडात घेतली होती. गजेंद्र धावला. फ्रॉक सोडवताना त्याचा हात आतल्या बाजूला गेला आणि काखेच्या शिवणीत काहीतरी टोचलं. प्लास्टिकचा बारीक दोरा होता, त्याला दुकानाची चिठ्ठी. पाण्यानं दुकानाचं नाव पुसलं होतं, साइजचा आकडा तेवढा राहिला होता. भाचीचा हाये. हा फ्रॉक कुणाच्याच भाचीनं घातलेला नव्हता. निळाही असा नवाच वाटायचा, त्याला आठवलं. चौकटीच्याला तर घडीच्या रेषा होत्या. तिनं दर वर्षी दुकानात जाऊन, चौथीतल्या, पाचवीतल्या, सहावीतल्या पोरीला दाखवा, असं सांगून घेतला होता. दुकानदारानं विचारलं असेल, उंची? आणि तिनं हात आडवा धरला असेल, छातीशी, एवढी. गजेंद्र अंगणात तसाच उभा राहिला. चैतराम येऊन शेजारी उभा राहिला आणि त्याच्याकडे, फ्रॉककडे बघून, फार दिवसांनी खऱ्या घरमालकासारखा म्हणाला, “जाओ भैया. घर तो अब हम देख लेंगे.”

घाट उतरताना फ्रॉक त्याच्या मांडीवर वाळत होता. अक्षरं परत चिकटायची वळणं आली आणि गेली. बालाघाटात शिरताना दिवेलागण झाली होती.

“खोलीवर ना?” दुलीचंदनं विचारलं.

“बुढी.”

“वळणावर?”

“आत.”

दुलीचंदनं गाडी गल्लीत घातली. जीप मजेत गेली. दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. ओट्यांवरच्या नजराही होत्या, त्यांनी जीपकडे बघितलं आणि मग फ्रॉककडे, आणि गजेंद्रनं तो लपवला नाही. एका बाईनं निळ्या दाराचं घर दाखवलं. दार उघडंच होतं. आत अंधारायला लागलं होतं. मागच्या खोलीतून पोळीचा वास आणि बांगड्यांचा आवाज येत होता. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर अंधुक दिसत होती. खाटेवर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. ती चंपाबाई, संघमित्राची आई, हे तिच्या भुवयांवरून कळत होतं.

“कोन हाये बापा?” ती म्हणाली. “या, आत या. तोंड दिसत नाही तुमचं. तेवढा लाईट लावा ना. थांबा, तुमाले सापडाचं नाही ते बटन, मीच—”

पण गजेंद्र चौकटीतून आत आला होता आणि उजवा हात उजवीकडच्या भिंतीवर, चौकटीपासून चार बोटं सोडून, कमरेच्या वितभर वर, आपला आपण गेला होता. तिथं बटन होतं. उजेड झाला. आतल्या दारात संघमित्रा उभी होती, हात कणकेनं भरलेले. तिची नजर त्याच्या मांडीपाशी लोंबणाऱ्या लाल फ्रॉकवर गेली, मग भिंतीवरच्या हातावर, आणि तिथंच राहिली.

“अव्वा,” चंपाबाई लसूण बाजूला ठेवत म्हणाली. “कोनालेच सापडत नाही पह्यल्यांदा. हिच्या बापानं खाली लावलं होतं, लहानपनी हिचा हात पुराव म्हणून. इथं आधी आलते का तुमी?”

“हौ,” गजेंद्र म्हणाला. तो म्हातारीकडे बघत नव्हता. “तीन वर्षांपासून येऊन राह्यलो, मावशी. विचाराचं तेवढं राह्यलं होतं.”